कानामागच्या यंत्रासोबत दहा महिने: रत्नागिरीच्या दमट हवेतला अनुभव

गेल्या मे महिन्यापासून मी दोन्ही कानांना कानामागे बसणारी श्रवणयंत्रे वापरत आहे. वय 71, राहणे रत्नागिरीत, समुद्रापासून फार लांब नाही. ही बाब मुद्दाम सांगतो, कारण माझ्या यंत्रांच्या निम्म्या तक्रारींचे मूळ इथल्या हवेत निघाले. माझे खालच्या पट्टीतले ऐकणे बऱ्यापैकी शाबूत आहे. 2000 हर्ट्झच्या पुढे, म्हणजे वरच्या पट्टीत, मात्र ऐकण्याचा आलेख घसरत जातो. त्यामुळे समोरचा बोलतो आहे हे कळते, पण तो ‘सात’ म्हणाला की ‘हात’ हे कळत नाही, कारण स, श, फ या वर्णांचा नाद वरच्या पट्टीत असतो. यंत्रात काही अडले की त्याचा पहिला परिणामही बहुधा याच वर्णांवर होतो, हे लक्षात आल्यापासून बिघाड ओळखणे पुष्कळ सोपे झाले.

श्रवणतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच भेटीत एक सवय लावून दिली आणि ती मी आजवर मोडलेली नाही. सकाळी यंत्रे घातल्यावर सौभाग्यवती माझ्या पाठीमागे दोनेक मीटरवर उभी राहते आणि म, ऊ, आ, ई, श, स हे सहा आवाज क्रम मागेपुढे करून उच्चारते. ऐकू येईल तो मी परत म्हणतो, आधी एका कानाने, मग दुसऱ्या. दोन मिनिटांचे काम आहे. जुलैच्या एका सकाळी डाव्या कानाला ‘म’ आणि ‘ऊ’ स्वच्छ आले, ‘श’ अर्धवट आला आणि ‘स’ आलाच नाही. बॅटरी नवी होती, मोल्डच्या, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याच्या, तोंडाशी मळ नव्हता. यंत्र खिडकीपाशी नेऊन यंत्र आणि मोल्ड यांना जोडणारी नळी उजेडात धरली, तेव्हा वळणापाशी साबुदाण्याच्या दाण्याएवढा पाण्याचा थेंब अडकलेला दिसला. कानातली ऊब आणि बाहेरचा गारवा यांमुळे बाष्प नळीत साचते, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात तर ते जवळपास रोजचेच. नळी यंत्राच्या कानावर अडकणाऱ्या वाकड्या टोकापासून हळूच सोडवून रबरी फुग्याने हवा मारली की थेंब निघून जातो. तोंडाने फुंकू नये, कारण श्वासातही ओलावाच असतो. केस वाळवायचे यंत्र तर अजिबात वापरू नये, त्या उष्णतेने आतले भाग खराब होतात.

तेव्हापासून रात्री बॅटरी काढून, तिचे दार उघडे ठेवून, दोन्ही यंत्रे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवतो. निळे मणी गुलाबी झाले की त्यांनी पोटभर पाणी प्यायले असे समजावे. पावसाळा सरल्यावर ते महिनाभर टिकले, जुलैत पाच-सहा दिवसांतच रंग पालटला. मंद आचेवर तापवले की पुन्हा निळे होतात. पण त्या निळ्या रंगात कोबाल्टचे संयुग असते, म्हणून त्यासाठी जुने पातेले कायमचे वेगळे काढावे, स्वयंपाकातले वापरू नये.

शिट्टीचा त्रास सप्टेंबरात सुरू झाला. जबडा हलवला, मान वळवली की उजव्या कानात कुंई असा आवाज येई. एका दुकानात नेले, तर त्यांनी कान न तपासताच यंत्राची क्षमता कमी करून दिली. शिट्टी थांबली, पण पुढचे तीन आठवडे माणसे पुन्हा पुटपुटू लागली आणि मला वाटले की माझा कानच आणखी उतरला. याचे मला आजही वाईट वाटते, कारण शिट्टीचे मूळ शोधायला एक मिनिट पुरले असते. यंत्र कानातून काढून, आवाज वाढवून, मोल्डचे आवाज बाहेर पडायचे छिद्र बोटाने घट्ट दाबावे. शिट्टी बंद झाली, तर दोष मोल्डच्या बसण्यात किंवा कानातल्या मळात आहे. चालूच राहिली, तर नळीला चीर आहे किंवा बिघाड आतला आहे. माझी बंद झाली. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मळ काढला, बाईंनी क्षमता पूर्ववत केली आणि प्रश्न संपला. काडी घालून मळ मी स्वतः कधीच काढत नाही, कारण तो आणखी आत ढकलला जातो. यंत्रावर हात झाकला की येणारी शिट्टी मात्र दोष नव्हे.

बॅटरीबाबत माझ्याकडून बरेच दिवस चूक होत होती. माझ्या यंत्राला नारिंगी स्टिकरची 13 क्रमांकाची लागते. ही झिंक-एअर बॅटरी हवेतल्या प्राणवायूवर चालते. स्टिकर काढला की वरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि ती जागी होते. रात्री स्टिकर पुन्हा चिकटवून मी बचत करतो आहे असे समजत होतो, पण एकदा सुरू झालेली क्रिया तशी थांबत नाही. उलट स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून मग बॅटरी बसवली तर ती पूर्ण जोराने चालते. घाईने लगेच बसवली की दिवस कमी भरतात. मला एक जोडी साधारण बारा दिवस जाते. घरात लहान मूल असेल तर वापरलेली बॅटरीही हाताशी पडू देऊ नका. गिळली गेल्यास अन्ननलिका भाजते आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते. औषधाची गोळी समजून बॅटरी गिळली जाऊ नये म्हणून आमच्याकडे बॅटऱ्या आणि गोळ्यांची डबी वेगवेगळ्या खोल्यांत असतात.

फोनवर काहीच कळत नाही, ही तक्रार मी चार महिने उगाच केली. कानामागच्या यंत्राचा माइक कानाच्या वरच्या कडेपाशी असतो, म्हणून फोन कानाच्या भोकाशी न धरता थोडा वर, माइकपाशी धरायला हवा. स्वतःचा आवाज घागरीतून आल्यासारखा घुमू लागला, तर मोल्डमधले हवेचे दुसरे, बारीक छिद्र बुजलेले नाही ना, ते पाहावे. मोल्ड यंत्रापासून सोडवून कोमट साबणपाण्यात धुता येतो. तो रात्रभर वाळवावा, आणि जोडताना लाल खूण उजव्या कानाची, निळी डाव्या कानाची, हे विसरू नये.

लग्नकार्यातल्या गर्दीत अजूनही अडते. भिंतीकडे तोंड आणि गोंगाटाकडे पाठ करून, बोलणाऱ्याला समोर घेऊन बसलो की बरेच शब्द हाती लागतात, पण पंगतीत पलीकडच्या टोकाचे बोलणे मिळत नाही, आणि तेवढे हे यंत्र देईल अशी अपेक्षा मी आता ठेवलेली नाही. सध्या डावी नळी पिवळी पडून ताठर झाली आहे, बोटाने वाकवली तर पूर्वीसारखी लवत नाही. ऑक्टोबरात बदलली होती. मृगाच्या आधी पुन्हा बदलून घेणार आहे.