मेटफॉर्मिन एसआर ५००: पहिले पंधरा दिवस पोट सांभाळा

मधुमेहावर मेटफॉर्मिन ही स्वस्त आणि भरवशाची गोळी, तरी सुरुवातीलाच पोट बिघडलं म्हणून ती सोडून देणारे बरेच. त्यांच्यासाठी एसआर, म्हणजे हळूहळू औषध सोडणारी गोळी, साध्या गोळीपेक्षा सुसह्य आहे. जुलाब, मळमळ, तोंडाला धातूसारखी चव हे त्रास हिच्यानेही होतात, पण सहसा कमी.

डोस चढवण्याची घाई हीच नेहमीची चूक. सुरुवात सहसा ५०० मिलिग्रॅमची एक गोळी रात्रीच्या जेवणासोबत; पोटाने मानली तर आठवड्याने, डॉक्टरांना विचारून, पुढचे ५००. जेवणासोबत म्हणजे पोटात घास गेल्यावर, चहा-बिस्किटावर नव्हे. त्या दिवसांत तळकट, मसालेदार बाजूला ठेवा. मुगाची खिचडी आणि ताक उत्तम.

ही गोळी तोडू, चावू किंवा कुटू नका, नाहीतर औषध एकदम सुटतं आणि एसआर घेण्यात अर्थच उरत नाही. शौचात गोळीचं मऊ टरफल दिसलं तर घाबरू नका, आतलं औषध शोषलं गेलेलं असतं. पट्टीवर एसआर, एक्सआर किंवा ईआर लिहिलंय ना, हे दुकानातच बघा. जनऔषधी केंद्रातही मिळते.

एक मोठी उणीव: वर्षानुवर्षं घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. पायांना मुंग्या येऊ लागल्या तर तपासून घ्या. मूत्रपिंडाची तपासणी मात्र गोळी सुरू करण्याआधीच हवी. उलट्या-जुलाब थांबत नसतील, पाणीही पोटात टिकत नसेल, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.