केबलकार्ड, एचडीहोमरन प्राइम आणि मेलेला मदरबोर्ड: पंधरा महिन्यांच्या वापरानंतर

१० जुलै २०१५ च्या रात्री टीव्हीखालच्या पीसीचा मदरबोर्ड गेला. पंखा दोन सेकंद फिरायचा, थांबायचा, परत फिरायचा, स्क्रीन काळीच. २००९ साली सुटे भाग आणून मी स्वतः जुळवलेला पीसी होता तो. सहा वर्षं चालला, बोर्डाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतर जे कळलं त्याबद्दल. एचडीहोमरन प्राइम (केबलचे चॅनल पीसीवर आणणारा ट्यूनर; केबल कंपनीकडून भाड्यानं मिळणारं केबलकार्ड त्यात घातलं की चॅनल उघडतात) घ्यायचा विचार करणाऱ्यांनी ती आधी वाचावी, म्हणून सविस्तर लिहितोय.

नव्वद डॉलरला वापरलेला बोर्ड आणि प्रोसेसर अशी जोडी मिळाली. जुनी सिस्टीम डिस्क काढून ड्रॉवरमध्ये ठेवली, घरात पडून असलेल्या एका लहान डिस्कवर विंडोज ७ नव्यानं टाकलं आणि रेकॉर्डिंगची दोन टेराबाइटची डिस्क जशीच्या तशी जोडली. विंडोजमधल्या मीडिया सेंटरला, म्हणजे टीव्ही बघायच्या आणि रेकॉर्ड करायच्या प्रोग्रामला, ट्यूनर लगेच सापडला, सगळे चॅनल सुरू. केबल कंपनीला फोनसुद्धा करावा लागला नाही, कारण केबलकार्डचं पेअरिंग (जोडी नोंदवणं) ट्यूनरशी झालेलं असतं, पीसीशी नाही. मी खूश होतो. मग रेकॉर्डेड टीव्ही उघडलं. यादी पूर्ण होती, प्रत्येक कार्यक्रमाचं चित्र जागच्या जागी. २०१४ ची स्पेलिंग बी, म्हणजे अमेरिकेतल्या मुलांच्या इंग्रजी स्पेलिंगच्या स्पर्धेची फायनल लावली आणि चौकट आली: प्रक्षेपकाने किंवा मूळ निर्मात्याने घातलेल्या निर्बंधांमुळे हा कार्यक्रम या संगणकावर पाहता येणार नाही.

२०१५ ची फायनल लावली, तेच. दोन्ही वर्षांच्या सेमीफायनल, तेच. पीबीएसवरचा विज्ञानाचा कार्यक्रम लावला तर तो मात्र मुकाट चालू झाला. रात्री एक वाजेपर्यंत मी एकेक फाइल लावून बघत होतो. सीबीएस, एनबीसी, एबीसी, फॉक्स, पीबीएस: चालतंय. ईएसपीएन आणि केबलवरचं बाकी सगळं: बंद.

डिस्क ठणठणीत होती. फाइली पूर्ण होत्या, एचडीच्या एका तासाला सहा-सात जीबी याप्रमाणे आकारही बरोबर. फक्त त्या उघडायची किल्ली जुन्या मदरबोर्डाबरोबर गेली होती.

यामागची गोष्ट थोडक्यात अशी. केबलवरच्या प्रत्येक चॅनलबरोबर कॉपीबद्दलची एक खूण येते. 'कॉपी फ्रीली' असेल तर रेकॉर्डिंग मोकळं असतं. दुसऱ्या पीसीवर न्या, लॅपटॉपवर टाका, काहीही करा. 'कॉपी वन्स' असेल तर मीडिया सेंटर ते रेकॉर्ड करतं, पण प्लेरेडी नावाच्या कुलपात घालून, आणि त्या कुलपाची किल्ली त्याच पीसीच्या हार्डवेअरशी बांधलेली असते. 'कॉपी नेव्हर' असेल तर विषयच संपला. स्थानिक प्रक्षेपण चॅनलवर असं बंधन नसतं, म्हणून पीबीएस वाचलं. बाकी चॅनलवर 'कॉपी वन्स' लावायची केबल कंपनीला मुभा आहे. मुभा आहे, सक्ती नाही. माझी बहीण दीड तासावर राहते, तिच्या गावात केबल कंपनी वेगळी. तिच्याकडेही प्राइमच आहे आणि तिथं ईएसपीएन मोकळं येतं. आमच्या कंपनीनं स्थानिक सोडून एकूण एक चॅनलवर 'कॉपी वन्स' मारून ठेवलंय. हवामानाच्या चॅनलवरसुद्धा. उद्या शिळा होणारा हवामानाचा अंदाज कुलपात ठेवून कुणाचं काय रक्षण होतं, हे मला कुणी समजावून सांगावं.

कुणी म्हणेल, टीव्हीचे कार्यक्रमच ना, गेले तर गेले. बाकीच्यांबद्दल मीही तेच म्हणेन. स्पेलिंग बीचं तसं नाही.

मुलगी आता सहावीत जाईल. तिसरीपासून ती शब्दांच्या मागे आहे. २०१४ आणि २०१५, दोन्ही वर्षी फायनलमध्ये दोन-दोन सहविजेते निघाले आणि चौघंही भारतीय वंशाची मुलं. २०१४ च्या आधी बावन्न वर्षं सहविजेते झाले नव्हते. तिच्यासाठी ही रेकॉर्डिंग म्हणजे क्लास आहे. सोफ्याच्या कडेला पिवळं लीगल पॅड घेऊन बसते, रिमोट माझ्याकडे. शब्द सांगणारे जॅक बेली, जे स्वतः १९८० चे विजेते आहेत, शब्द उच्चारतात, स्टेजवरचं मूल शब्दाची भाषा विचारतं, अर्थ विचारतं, आणि तेवढ्यात हिची हाक येते, "बाबा, पॉज!" मग ती लिहिते. पेन्सिल वर केली की मी प्ले दाबतो. चुकीच्या स्पेलिंगला वाजते ती घंटा वाजली आणि हिचं बरोबर असलं तर पॅडवर एक टिंब. २०१५ चा 'नुनाटाक' तिनं पहिल्याच फटक्यात बरोबर लिहिला होता, तो कागद फ्रिजवर आहे. इंटरनेटवर तुकडे मिळतात, शेवटच्या दहा मिनिटांचे. अशी तयारी करायला सबंध स्पर्धा लागते, आणि ती आमच्याकडे होती.

आता आधीच्या चौदा महिन्यांबद्दल, कारण तेही खरं आहे.

प्राइम मी मे २०१४ मध्ये सेलमध्ये ११० डॉलरला घेतला, ८५ डॉलरची डिस्क घेतली. तोवर केबल कंपनीच्या डीव्हीआरचे (रेकॉर्डिंग करणाऱ्या बॉक्सचे) महिन्याला १९ आणि बेडरूममधल्या साध्या बॉक्सचे ९ डॉलर जात होते. आता फक्त कार्डाचं भाडं, अडीच डॉलर. बेडरूममध्ये मुलाचा जुना एक्सबॉक्स ३६० एक्स्टेंडर म्हणून, म्हणजे पीसीवरचे कार्यक्रम दुसऱ्या टीव्हीवर दाखवायला लावला, त्यावर कुलूपवाले कार्यक्रमही दिसतात. महिन्याला साडेपंचवीस वाचले, म्हणजे पंधरा महिन्यांत ३८२. ट्यूनर आणि डिस्कचे १९५ वजा केले तरी १८७ हातात राहतात. जुलै २०१५ मध्ये सिनेटर मार्की आणि ब्लूमेंथाल यांनी आकडे दिले: सरासरी घर बॉक्सच्या भाड्यापोटी वर्षाला २३१ डॉलर ८२ सेंट भरत होतं. आम्ही वर्षाला ३३६ भरत होतो. सात-आठ वर्षं भरले. पंचवीसशेच्या आसपास डॉलर गेले आणि बॉक्स शेवटपर्यंत त्यांचाच. १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स कायद्यात गिऱ्हाइकाला स्वतःचं यंत्र विकत घेता यावं असं कलम आहे. त्याच कलमातून केबलकार्ड जन्माला आलं, पण कंपनीच्या दुकानात याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

काढणार कसं, त्यांच्याच माणसांना ते माहीत नसतं. स्वतः कार्ड बसवायची गिऱ्हाइकाला मुभा असली पाहिजे हा नियम तेव्हा, २०११ पासून, होता. मला काउंटरवर सांगितलं, टेक्निशियनच येणार, ४० डॉलर लागतील. तो आला, कार्ड ट्यूनरमध्ये घातलं आणि टीव्हीकडे बघत बसला. ट्यूनरचं स्वतःचं वेबपेज असतं, त्यात कार्डाच्या तीन ओळी येतात: ऑथेंटिकेशन, ओओबी लॉक, व्हॅलिडेशन. पहिल्या कार्डाचा ओओबी लॉक अर्धा तास झाला तरी होईना. दुसरं कार्ड घातल्यावर झाला, पण व्हॅलिडेशन अडकलं. पेअरिंगसाठी फोनवर तीन नंबर द्यावे लागतात: कार्ड आयडी, होस्ट आयडी, डेटा आयडी. तीनदा दिले, तीनदा सिग्नल पाठवला म्हणाले, तीनदा काही नाही. टेक्निशियन निघून गेला. चौथ्या फोनला मी त्या बाईंना म्हटलं, तुम्ही जे टाइप केलंय ते मला वाचून दाखवा. होस्ट आयडीत ६ आणि ८ ची अदलाबदल झाली होती. दुरुस्त केल्यावर दोन मिनिटांत तिन्ही ओळींपुढे 'सक्सेस' आलं. ४० डॉलरसाठी एफसीसीकडे (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाकडे) तक्रार केली, बारा दिवसांनी बिलात परत आले.  आणि नंबर फोनवर वाचून दाखवायला लावाच.

पहिल्या महिन्यात चित्र फुटायचं, तेव्हा मी ट्यूनरला दोष देत होतो. चूक माझी होती. भिंतीतला जुना चार तोंडांचा स्प्लिटर काढून दोन तोंडांचा लावला आणि आजतागायत एकही रेकॉर्डिंग फुटलेलं नाही. एका वेळी तीन चॅनल रेकॉर्ड होतात, पीसी झोपलेला असला तरी वेळेवर जागा होतो. जूनपर्यंत मी याला पाचपैकी पाच दिले असते.

ती चौकट आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक दिला असता. मुलीनं विचारलं, तेव्हा मी "बघतो" म्हटलं. ऑफिसला निघेपर्यंत ती पॅड घेऊन तशीच बसून होती.

आठवडाभर वाचल्यावर मत बदललं. ट्यूनरचा डबा चोख काम करतोय, खूण पाठवणारी केबल कंपनी आहे, आणि माझा राग आता पूर्णपणे तिच्यावर आहे. आपली कंपनी काय करते हे घेण्याआधी कळू शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ओळखीच्या कुणाकडे त्याच कंपनीची लाइन आणि प्राइम असेल तर चॅनल लावून ट्यूनरच्या वेबपेजवर स्टेटस बघा. 'सीसीआय प्रोटेक्शन' अशी ओळ असते, तीच ती कॉपीची खूण. तिच्यापुढे 'नन' असेल तर डोळे झाकून घ्या. 'कॉपी वन्स' असेल तर बघून पुसून टाकायचे कार्यक्रमच रेकॉर्ड करा; जपून ठेवायचं काही त्यात ठेवू नका. कंपनीला फोन करून विचारू नका, तिथं हा शब्दच कुणाला कळत नाही.

मग मला ड्रॉवरमधली जुनी सिस्टीम डिस्क आठवली. किल्ली जुना बोर्ड आणि जुनं विंडोज यांच्यात आहे. डिस्क आहे. बोर्ड जिवंत झाला तर?

बोर्ड उलटसुलट करून बघितला. प्रोसेसरशेजारच्या सात कॅपॅसिटरपैकी पाचांची डोकी फुगलेली, एकातून तपकिरी चिकट द्रव बाहेर आलेला. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, पण वीस वर्षांत सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नव्हतं. ६.३ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडचे दहा कॅपॅसिटर सहा डॉलरला मागवले, आयर्न शेजाऱ्याकडून आणलं. मदरबोर्डाला आतून तांब्याचे थर असतात, ते सगळी उष्णता ओढून घेतात. जुना टाका वितळेचना. शेवटी जुन्या टाक्यावर थोडं नवं सोल्डर चढवलं, तेव्हा तो सुटला. सातही बदलले, कारण उरलेल्या दोनांवर मला भरवसा नव्हता. ऋण बाजूची पट्टी प्रत्येक वेळी दोनदा तपासली. दोन रात्री गेल्या.

२६ जुलैला, रविवारी, जुनी डिस्क लावून बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला. विंडोज उघडलं. रेकॉर्डिंगची डिस्क जोडली, मीडिया सेंटर, रेकॉर्डेड टीव्ही, २०१४ ची फायनल. चालली! मी मुलीला हाक मारली, तर ती हातात टूथब्रश घेऊनच धावत आली.

आता दोन पीसी आहेत. नवा रोजच्या रेकॉर्डिंगला, जुना फक्त त्या चार फाइलींसाठी. माझे गुण पाचपैकी साडेतीन. बहिणीच्या गावात राहत असतो तर पाच दिले असते. २०१५ मध्ये विंडोज १० फुकट मिळत होतं, पण टास्कबारवरच्या त्या खिडकीवर मी क्लिक केलं नाही; अपग्रेडमध्ये मीडिया सेंटर निघून जातं आणि कुलूपवाले चॅनल पीसीवर रेकॉर्ड करणारं दुसरं सॉफ्टवेअर तेव्हा नव्हतं. ट्यूनर बनवणाऱ्यांनी त्या वर्षी स्वतःचं डीव्हीआर सॉफ्टवेअर जाहीर केलं, किकस्टार्टरवर पैसेही गोळा केले. संरक्षित चॅनल त्यात प्रत्यक्ष चालताना दिसेपर्यंत मी पैसे देणार नाही.

जुना पीसी नेटवर्कला जोडत नाही, अपडेट बंद, त्यातला एक स्क्रूसुद्धा हलवायचा नाही असं घरात सांगून ठेवलंय. रीजनल स्पर्धा मार्चमध्ये आहे, तोवर त्यानं टिकायला हवं. उरलेले तीन कॅपॅसिटर पाकिटात घालून त्याच्याच केसच्या दाराला आतून टेपनं चिकटवून ठेवलेत.