काठमांडूत खरेदी: असन की ठमेल?
हाताशी एकच संध्याकाळ आहे, कुठे जाऊ, असं एका मैत्रिणीनं विचारलंय.

भाव: ठमेलमध्ये घासाघीस करावीच लागते, ‘अस्सल पश्मिना’च्या पाट्यांना भुलू नकोस. असनचं गिऱ्हाईक स्थानिक, त्यामुळे दर आटोक्यात. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात.

इतिहास: असन हा भारत-तिबेट व्यापाराचा जुना नाका. सहा वाटांच्या चौकात अन्नपूर्णेचं देऊळ आहे, आत मूर्तीऐवजी चांदीचा कलश. बाहेर टिमूरचे ढीग. कोकणातल्या तिरफळाचा हा सख्खा भाऊबंद, वास घेऊन बघच! ठमेल पर्यटकांमुळे फोफावलं, तरी तिथला भगवान बहाल हा जुना बौद्ध विहार बघावा.

दगदग: असनमध्ये जास्त.

ट्रेकिंगचे कपडे हवे असतील तर ठमेल. मसाले, पितळी भांडी आणि इथल्या मूळच्या नेवार लोकांच्या शहराची खरी चव हवी असेल तर डोळे मिटून असन.