मेलमन : जड मेलला दारातच अडवणारं सॉफ्टवेअर

पक्षीनिरीक्षकांचा आमचा ईमेल गट मेलमनवर चालतो आणि मॉडरेटरकी माझ्या गळ्यात आहे. मेलमन हे ईमेल गट चालवायचं सॉफ्टवेअर, ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातलं, फुकट. सभासद नोंदणी, डायजेस्ट (बरेच मेल एकत्र करून एकच मेल), अर्काइव्ह (जुन्या मेलचा साठा) असं सगळं त्यात आहे; पण मला ते आवडतं ते एकाच गोष्टीसाठी. जड मेल ते मुकाट पुढे जाऊ देत नाही.

मुळातली मर्यादा ४० केबी. त्याहून मोठा मेल सभासदांकडे न जाता मॉडरेटरसमोर येऊन पडतो. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांना ४० केबी म्हणजे थट्टाच! साध्या फोनवरचा फोटोही तीन-चार एमबीचा. मग कुरकुर सुरू होते, "हल्ली नेट एवढं फास्ट आहे, एका फोटोने काय होतंय?"

होतं ते असं. मेलमधून फाइल जाते ती बेस६४ रूपात, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, आणि त्यात ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते. ९ एमबीची पीडीएफ १२ एमबीची होते. गटात ६०० सभासद असले तर सर्व्हरला ७ जीबीहून जास्त माल बाहेर ढकलावा लागतो, आणि त्यातले कितीजण ती उघडणार, देव जाणे. जीमेलची फुकटची १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंसकट मिळून असते. ती भरली की नवे मेल येणंच बंद. एकट्यादुकट्याला विचारून पाठवता येतं, गटात कुणाकुणाला विचारणार? म्हणून फाइल ड्राइव्हवर चढवा, गटात लिंक द्या, काय आहे नि केवढी आहे ते दोन ओळींत सांगा. लिंकची परवानगी मात्र आधी तपासा. नाहीतर 'ॲक्सेस द्या' म्हणणाऱ्यांची रांग लागते, आणि तीही गटातच.

अडवलेल्या मेलचं पान हा मेलमनचा खरा जीव. मेल स्वीकारता येतो, नाकारता येतो किंवा टाकून देता येतो. टाकून दिला तर पाठवणाऱ्याला पत्ताच लागत नाही आणि तो तोच मेल पुन्हा पाठवतो. मी नाकारते आणि कारणाच्या चौकटीत लिहिते, "खंड्या सुरेख टिपलाय. लिंक देऊन पुन्हा पाठवाल का?" बहुतेकजण पाठवतात. एखादा रुसतो.

आता खोडी. ४० केबी फारच कंजूष आहे. सहीत कंपनीचा लोगो असला की नुसता 'धन्यवाद'सुद्धा अडकतो. आकडा थोडा वाढवून घ्या. शून्य मात्र टाकू नका, शून्य म्हणजे मर्यादाच नाही. अटॅचमेंट प्रकारानुसार गाळून टाकायची सोयही आहे, पण ती मी बंद ठेवते. फाइल गळते, मजकूर पोचतो, आणि 'सोबत यादी जोडली आहे' वाचून सगळे यादी शोधत बसतात.

२.१ आवृत्तीची पानं जुनाट दिसतात. मेलमन ३ देखणं आहे, पण बसवायला खटाटोप जास्त. सर्व्हर सांभाळणारं कुणी हाताशी असेल तर बिनधास्त घ्या. नसेल तर एखादी तयार गटसेवा बघा. फक्त सभासदांना आत घेण्याआधी तिथली आकाराची मर्यादा किती आणि ती ओलांडणारा मेल नेमका जातो कुठे, एवढं विचारून घ्या.