टाइमशिफ्ट: अपडेटनंतर डेस्कटॉप उघडत नाही तेव्हा

लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टममध्ये कर्नल, म्हणजे तिचा गाभा, अद्ययावत केल्यावर संगणक सुरू होतो, मिंटचे चिन्हही झळकते, पण लॉगिनचा पडदा काही येत नाही, ही तक्रार जुनीच आहे. पुष्कळदा यात डेस्कटॉपचा दोष नसतोच: नवे कर्नल बसलेले असते, पण त्याच्या जोडीचे ग्राफिक्स कार्डाचे मॉड्यूल (ड्रायव्हर) तयार झालेले नसते, त्यामुळे पडद्यावर डेस्कटॉप दाखवणारा एक्स सर्व्हर उभाच राहत नाही. अशा प्रसंगासाठी, सिस्टमच्या फायलींची त्या क्षणीची प्रत म्हणजे स्नॅपशॉट जपून ठेवणारे आणि गरज पडल्यास सिस्टम त्या स्थितीत परत नेणारे टाइमशिफ्ट हे मोफत साधन मला सर्वांत भरवशाचे वाटते. टोनी जॉर्ज यांनी ते लिहिले; २०२२ पासून त्याची देखभाल मिंटकडे आहे.

त्याची किंमत काळ्या पडद्यासमोर कळते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून मजकुरी टर्मिनलवर जावे, लॉगिन करावे आणि सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून टाइमशिफ्टला रिस्टोअरची, म्हणजे सिस्टम मागे नेण्याची आज्ञा द्यावी. तारखांसह स्नॅपशॉटची यादी समोर येते, त्यातून अपडेटच्या आधीचा निवडला आणि ग्रबविषयीच्या (संगणक सुरू होताना कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रामविषयीच्या) प्रश्नाचे उत्तर दिले, की पुढचे काम ते स्वतः उरकते आणि संगणक पुन्हा सुरू होतो. टर्मिनलपर्यंतही पोहोचता येत नसेल, तर हेच काम लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच सुरू केलेल्या लिनक्सवरून होते. मात्र आधी जर्नलमधील (सिस्टमच्या नोंदवहीतील) त्रुटी वाचून टिपून ठेवाव्यात, कारण मूळ दोष तसाच राहिला तर पुढचे अपडेट पुन्हा तिथेच आणून सोडेल. शिवाय ग्रबच्या प्रगत पर्यायांतून जुने कर्नल निवडल्यावर डेस्कटॉप उघडत असेल, तर सगळी सिस्टम मागे नेणे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर.

आरसिंक या फायलींची प्रत करणाऱ्या पद्धतीत पहिला स्नॅपशॉट भरपूर जागा खातो; पुढच्या स्नॅपशॉटमध्ये केवळ बदललेल्या फायलींची प्रत होते, बाकीच्या हार्ड लिंकने, म्हणजे नवी प्रत न करता आधीच्याच फायलींशी जोडल्या जातात. स्नॅपशॉट ठेवायला एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटची बाहेरची डिस्क चालत नाही, आणि घरोघरी पडून असलेल्या डिस्क बहुधा नेमक्या त्याच असतात.

होम फोल्डर, म्हणजे वापरकर्त्याच्या स्वतःच्या फायलींचे फोल्डर, स्नॅपशॉटमधून मुळात वगळलेले असते. सिस्टम मागे नेली तरी कालचे लेखन आणि छायाचित्रे जागेवर राहतात, म्हणून हा निर्णय मला योग्य वाटतो. परंतु सिनॅमन या मिंटच्या डेस्कटॉपची बिघडलेली सेटिंग होममधील लपलेल्या फोल्डरांत असेल, तर स्नॅपशॉट तिला हातही लावत नाही. नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावाने लॉगिन करून पाहावे. डेस्कटॉप नीट उघडला, तर बिघाड आपल्याच होम फोल्डरमध्ये आहे असे समजावे. याच कारणाने टाइमशिफ्टला वैयक्तिक फायलींचा बॅकअप मानू नये.

खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. मिंटमध्ये अपडेटचे बटण दाबल्यावर आधी स्नॅपशॉट आपोआप घेतला जात नाही. वेळापत्रक दररोजचे ठेवूनही मधल्या तासांतील बदल निसटू शकतात. तेव्हा अपडेटच्या यादीत कर्नल किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर दिसला, की आधी टाइमशिफ्ट उघडून स्नॅपशॉट हातानेच घ्यावा.