विश्रामबागेतलं श्रवणयंत्राचं दुकान : दिशा ओळखायलाही शिकवतात

सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. सौद्यात बोली कुठल्या बाजूनं आली ते तिथल्या तिथं कळावं लागतं, घोळक्यातली तोंडं न्याहाळत बसायला वेळ नसतो. डावा कान मंद झाला तसं माझं हेच गेलं. शब्द ऐकू यायचा, बोलणारा सापडायचा नाही.

आधी दुसऱ्या एका दुकानातून फक्त डाव्या कानाचं यंत्र घेतलं होतं. त्यांनी कानात बसवलं, बिल हातात दिलं, विषय संपला. आवाज वाढला, पण रस्ता ओलांडताना हॉर्न कुठून आला ते कळेना.

विश्रामबागेतल्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी दोन्ही कान तपासले, तेव्हा उजवाही उतरल्याचं दिसलं. म्हणून त्यांनी जोडी घ्यायला सांगितलं आणि कारणही नीट समजावलं. आवाज अगदी एका बाजूनं आला, तरी दोन कानांत पोचायच्या वेळेत एका मिलिसेकंदाचाही फरक नसतो. तेवढ्यावरून आणि कमी-जास्त आवाजावरून मेंदू दिशा ठरवतो. डिजिटल यंत्र आवाज पुढे पाठवायला स्वतःच काही मिलिसेकंद घेतं, म्हणजे एकाच कानाला यंत्र असलं की हिशेब बिघडतो.

पण मला या दुकानाचं खरं मोल वाटतं ते पुढच्या कामासाठी. यंत्रातून येणारे नवे फरक म्हणजे नेमकी कुठली जागा, हे मेंदूला पुन्हा शिकावं लागतं, आणि त्याला शिकवतात डोळे. मी डोळे मिटून खुर्चीत बसायचं, नातवानं खोलीत कुठंतरी उभं राहून वाटी-चमचा वाजवायचा, मी बोट दाखवायचं आणि मग डोळे उघडून बघायचं. हे उघडून बघणं चुकवू नका, असं मॅडम पुन्हा पुन्हा बजावतात. सुरुवात सरळ डावी-उजवीपासून. मग नातू हळूहळू मधल्या जागी सरकतो. यंत्राचा आवाजही त्यांनी एकदम न चढवता टप्प्याटप्प्यानं वाढवला.

हे टप्प्याटप्प्याचं मला फार पटलं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एरिक क्नुडसन यांनी गव्हाणी घुबडांच्या डोळ्यांवर प्रिझम बसवून समोरचं दृश्य बाजूला सरकवलं होतं. पिल्लांच्या मेंदूतला, आवाज कुठून येतो ते ठरवणारा नकाशा काही आठवड्यांत त्या दृश्याशी जुळला. मोठ्या घुबडांना ते फारसं जमलं नाही, पण २००२ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं की प्रिझम थोडं थोडं वाढवत नेलं तर तीही बरंच शिकतात. माझ्या वयाच्या माणसाला केवढा धीर येतो हे वाचून!

आता सौद्यात डावी-उजवी बाजू चांगली कळते. पाठीमागून कुणी बोललं की मात्र अजून गोंधळ होतो. कानामागच्या यंत्राचा माइक कानाच्या पाळीच्या वर असतो. पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं ओळखायला पाळीच्या घड्या लागतात, त्या वाटेतून सुटतात. नेदरलँड्समध्ये १९९८ साली माणसांच्या पाळीत साचे बसवून घड्या बदलल्या, तेव्हा वर-खालची ओळख आधी गेली आणि काही आठवड्यांत परत आली. साचे काढले तर जुनी ओळख लगेच हजर! म्हणून मी सराव सोडलेला नाही. ही अडचण मॅडमनी पैसे घेण्याआधीच सांगितली होती, याचं मला कौतुक वाटतं.

तक्रार एकच. दुकान पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला. येणारे बहुतेक म्हातारे, त्यांच्यासाठी हे तातडीनं सुधारायला हवं. जोडी महाग आहे, पण पुढच्या भेटींचे आणि यंत्र जुळवून घ्यायचे वेगळे पैसे लावत नाहीत. वेळ आधी ठरवून जा आणि घरातलं एखादं पोर सोबत न्या, कारण वाटी कुठं आणि कशी वाजवायची ते त्यालाच शिकवतात.