आधी वसई की दीव? नाशिककरांनी कसं ठरवावं

पंचवटीतली नारोशंकराची घंटा आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीची. देऊळ १७४७ चं. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची खूण म्हणून ही घंटा ओळखली जाते. म्हणून पोर्तुगीज काळातली चर्चं बघायची असतील तर माझं मत सरळ वसईच्या बाजूने आहे. तरी दीव काही लोकांना जास्त रुचेल, ते का तेही सांगते.

वसई एका दिवसात होते. पहाटे निघा, कसारा घाट उतरा, भिवंडीवरून वसई गाठा. रेल्वेने जायचं तर कल्याण आणि दिवा जंक्शनहून वसई रोड, पुढे रिक्षा. किल्ल्यात सेंट जोसेफ कॅथेड्रल आहे, मूळ १५४६ चं. छप्पर उडालेलं, मनोरा मात्र अजून ताठ. आत उभं राहिलं की डोक्यावर थेट आभाळ, आणि भिंतींतून वडा-पिंपळाची मुळं घुसलेली. मला तिथून पाय काढवत नाही. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या चर्चला आज संत गोन्सालो गार्सियांचं नाव आहे. वसईत जन्मलेले, फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघातले हे संत १५९७ साली जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले आणि १८६२ मध्ये संत ठरले. किल्ल्यात चिमाजी अप्पांचं स्मारकही आहे. येताना पापडी किंवा रमेदीच्या चर्चमध्ये थांबा. तिथली मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, मराठीत होते. पडक्या भिंती बघून आल्यावर ती प्रार्थना आपल्या भाषेत ऐकणं मला फार मोलाचं वाटतं.

दीवला निदान तीन-चार दिवस हवेत. रेल्वे वेरावळपर्यंत, म्हणून सोमनाथचं दर्शन जोडून घ्या. आजी-आजोबा बरोबर असतील तर हाच मोठा फायदा. इथे चर्चं उभी आहेत. १६१० चं सेंट पॉल बाहेरून पांढरंशुभ्र, नक्षीने भरलेलं आणि अजून उपासनेत. सेंट थॉमसमध्ये आता संग्रहालय आहे. १५३५ पासूनचा किल्ला समुद्रात घुसलेला. पोर्तुगीज इथून गेले ते डिसेंबर १९६१ मध्ये, म्हणून इमारती टिकल्या.

लहान मुलं बरोबर असतील आणि एकच रविवार हाताशी असेल, तर वसई. पावसाळ्यात मात्र नको, शेवाळाने पायऱ्या निसरड्या होतात, डिसेंबरात जा. आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलांना गोदाकाठी नेऊन ती घंटा नक्की दाखवा.